भरीत : समजुती आणि वस्तुस्थिती

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर खुतबाव आणि कडेठाण या स्थानकांच्या मध्ये असलेले केडगाव बाहेरच्या जगाला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे आणि नारायण महाराजांच्या बेटामुळे परिचित असले, तरी दौंड तालुक्याच्या कृषिजीवनात त्याचे महत्त्व कांद्याच्या बाजारावर आणि आसपासच्या गुऱ्हाळांवर अवलंबून आहे. आणि जेथे कांदा, गूळ, बाजरी व वांगी हे सर्व जिन्नस दाराशी मिळतात, तेथेही भरितासारख्या अस्सल पदार्थाविषयी चुकीच्या समजुती रूढ व्हाव्यात, याचा मनापासून खेद वाटतो.

त्यांतील सर्वांत व्यापक समजूत विस्तवासंबंधीची आहे. आच जितकी प्रखर आणि साल जितकी काळी, तितके भरीत खमंग, असे मानून वांगे भडकलेल्या ज्वाळेवर धरले जाते. परंतु वांग्याचा गर सच्छिद्र असून त्यात हवा भरलेली असल्यामुळे उष्णता आत मंद गतीने शिरते, आणि म्हणून साल कोळसा झाली तरी गाभा कच्चाच राहतो. चुलीतील किंवा गुऱ्हाळाच्या चुलवाणातील निवत आलेल्या निखाऱ्यांवर, तेलाचा हात फिरवून आणि सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचून, वांगे फिरवत फिरवत भाजावे. टोचणे हा केवळ दस्तूर नव्हे: वांग्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, त्याची वाफ झाली की तिला वाट हवी, नाहीतर वांगे फुटते. भाजून झाले की नाही याची खातरजमा मधल्या भागावरून करू नये, देठाजवळ दाबून करावी, कारण तो भाग सर्वांत शेवटी मऊ होतो.

साल नीट निघावी म्हणून भाजलेले वांगे नळाखाली धरण्याची वहिवाट तर सर्वस्वी त्याज्य होय. धुराचा जो गंध मिळवण्यासाठी एवढा खटाटोप केला, तो गराच्या पृष्ठभागावर आणि सुटलेल्या रसातच असतो, आणि पाण्याबरोबर नेमका तोच वाहून जातो. दहा मिनिटे झाकून ठेवले की आतल्या वाफेने साल आपोआप सुटते. बोटे पाण्यात बुडवून ती काढावी. बाजारात जड वांगे उत्तम समजणारेही पुष्कळ आहेत. वस्तुतः आकाराच्या मानाने हलके वांगे घ्यावे. जड निघाले तर त्यात जून बियांचा, म्हणजेच कडवटपणाचा संभव अधिक.

भरिताला तेल पुष्कळ लागते, ही समजूत तळलेल्या वांग्यावरून आलेली असावी. कच्चा गर तेल शोषतो हे खरे, पण भाजल्यावर त्यातील पोकळ्या मिटतात, आणि मग मोहरी, हिंग व हळद यांच्या फोडणीपुरते चमचाभर तेल पुरते. दह्याचे भरीत पाणचट होते याचा दोष मात्र लोक दह्याला देतात, तेव्हा ते खऱ्या कारणाची रुजुवात करत नाहीत. गरम गरात दही घातले की ते फाटून पाणी सोडते, आणि मीठ आधी घातले की चिरलेल्या कांद्यातील पाणी बाहेर ओढले जाते. अर्धा किलो वांग्यांचा गर पूर्ण निवू द्यावा, मग वाटीभर घट्ट दही, दोन चमचे दाण्याचे कूट, हिरवी मिरची आणि गुळाचा लहानसा खडा मिसळावा. कांदा व मीठ पान वाढण्याच्या वेळी.

कांदा-लसूण देवाला वर्ज्य, म्हणून भरीत नैवेद्याला चालत नाही, असे सांगणाऱ्यांनी जेजुरीकडे पाहावे. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीच्या दिवशी, खंडोबाला वांग्याचे भरीत, बाजरीचा रोडगा, पातीचा कांदा आणि लसूण यांचाच नैवेद्य असतो, आणि चातुर्मासात वांगे वर्ज्य करणारी अनेक घरे त्या दिवसापासून ते पुन्हा खाऊ लागतात. वांगे परदेशी असल्याचा प्रवादही निराधार आहे. ते याच भूभागातले. मिरची आणि भुईमूग मात्र अमेरिका खंडातून आले, मिरची तर सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर. तेव्हा ज्याला आपण सनातन चव म्हणतो, तिचे वय वांग्याच्या मानाने फार थोडे.

भरीत केवळ वांग्याचेच, हा आग्रह तर केडगावच्या मातीत मुळीच शोभत नाही. कांदा चिरताना पेशी फुटून एका विकराच्या क्रियेने डोळ्यांना झोंबणारे गंधकयुक्त द्रव्य निर्माण होते. अखंड कांदा सालीसकट निखाऱ्यात भाजला की ते विकर उष्णतेने निकामी होते, तिखटपणा नाहीसा होतो, आणि भाजण्याने साखर उत्पन्न झाली असे वाटते. वास्तविक ती कांद्यात पूर्वीपासूनच असते, तिच्यावरचा तिखटपणाचा अंमल तेवढा उठतो. अशा कांद्याची वरची जळकी पापुद्री काढून गर हातानेच मोडावा, सुरी लावू नये, आणि निवाल्यावर तेच दही व तीच फोडणी द्यावी. गूळ मात्र येथे घालू नये.