गाडी घेण्यापूर्वी बसून पाहा!

घरात नवी मोटार घ्यायची ठरली, की बोलणे कशाचे होते? इंजिन किती ताकदीचे, लिटरमागे किती किलोमीटर जाते, रंग कोणता, महिन्याचा हप्ता किती. हे सारे कंपनीच्या पत्रकात छापलेले मिळते. पण घरातली माणसे त्या गाडीत नीट बसतील का, दोन-अडीच तास बसून उतरल्यावर त्यांची कंबर शाबूत असेल का, हे कुठल्याच पत्रकात नसते. ते आपणच मोजायचे. आणि ते मोजता येते, बरे का! त्यासाठी लागते एक शिंप्याची मोजपट्टी, एक घड्याळ आणि शाळेच्या पुस्तकातले थोडेसे भौतिकशास्त्र.

मागल्या उन्हाळ्यात सानगडीला माझ्या बहिणीकडे हाच प्रसंग आला. सानगडी हे भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातले, किल्ल्याचे आणि धानाचे गाव. भाच्याच्या मनात ‘स्पोर्ट्‌स सेडान’ भरली होती. सेडान म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली बुटकी मोटार. तिला ‘स्पोर्ट्‌स’ म्हटले, की स्प्रिंगा कडक, टायर रुंद, छप्पर मागे उतरते आणि पुढच्या सीटांना दोन्ही बाजूंनी उंच कडा. अशा गाड्यांसाठी आता परदेशाकडे पाहावे लागत नाही. २०२२ साली बाजारात आलेल्या स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस या सेडान आपल्या पुण्याजवळच्या चाकणला तयार झाल्या.

भाचा नागपूरच्या शोरूममध्ये दहा मिनिटे बसून आला आणि म्हणाला, “मामा, अगदी सोफ्यासारखी आहे!” पण त्या गाडीचे खरे काम काय होते? दर महिन्याला आजीला तपासणीसाठी नागपूरला नेणे. जाताना शंभरावर किलोमीटर, येताना तेवढेच. म्हणून पुढच्या खेपेला आम्ही मोजपट्टी आणि आजी दोघींनाही बरोबर नेले.

आजी मागच्या सीटवर छान बसल्या. काच खाली-वर करून पाहिली. उतरायची वेळ आली तेव्हा मात्र म्हणाल्या, “गाडी चांगली हाय, पन मले आता बाहेर काढा.”

यात गुडघ्यांचा दोष किती आणि गाडीचा किती? तुम्ही एक प्रयोग करा. खुर्चीवर ताठ बसा, पावले गुडघ्यांच्या पुढे वीतभर ठेवा, हात छातीशी घ्या आणि पाठ न वाकवता उठून दाखवा. जमणार नाही! तुम्ही कितीही बलवान असा. बसलेल्या शरीराचा गुरुत्वमध्य असतो पोटाजवळ, आणि उभे राहायचे तर तो पावलांच्या वर यायलाच हवा. एरवी आपण न कळत दोन गोष्टी करतो : पावले खुर्चीखाली ओढून घेतो आणि डोके पुढे झुकवतो.

आता मोटारीतून उतरणे आठवा. पावले बाहेर जमिनीवर ठेवली, की ती मागे ओढता येत नाहीत, कारण मध्ये दाराचा उंबरठा आहे. त्या गाडीत सीटच्या कडेपासून उंबरठ्याच्या बाहेरच्या बाजूपर्यंत २४ सें.मी. भरले. मग डोके तरी जास्त झुकवावे, तर वर छपराची उतरती कड आडवी येते. शिवाय आजींच्या घरच्या खुर्चीची उंची ४५ सें.मी., आणि माणूस बसल्यावर दबलेली ही सीट बाहेरच्या जमिनीपासून ४१ सें.मी. तरुण माणसाला चार सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. पण सीट जितकी खाली, तितका गुडघा जास्त दुमडलेला आणि तितके मांडीच्या स्नायूंना ओझे अधिक. तेव्हा गाडी पाहताना तीन मापे घ्या : दबलेल्या सीटची जमिनीपासून उंची, उंबरठ्याची रुंदी आणि सीटपासून दाराच्या वरच्या कडेची उंची. दाराच्या वर धरायला मूठ आहे का, तेही पाहा. पुढच्या डाव्या सीटवर आजींना सोपे गेले. ती सीट खटक्याने वर उचलता येत होती आणि दारही मोठे होते. मात्र लुगड्यातल्या बाईला आधी आडवे बसून मग दोन्ही पाय आत घ्यावे लागतात, आणि तिथे सीटची उंच कड मांडीला टोचते. कड बसवणाऱ्याने बहुधा पँट घातली होती!

मोटारीची आतली मापे ठरवताना कारखानदार माणसाच्या आकाराचा, सांधे असलेला पुतळा वापरतात. पुतळ्याचा खुबा जिथे येतो त्या बिंदूला ‘एच पॉइंट’ म्हणतात आणि बाकीची मापे तिथून घेतात. साधारण रिवाज असा, की सर्वांत लहान चणीच्या शंभरातल्या पाच बायका आणि सर्वांत मोठ्या चणीचे शंभरातले पाच पुरुष सोडून उरलेल्यांना गाडी बसावी. भारतीय माणसांची अशी मापे देबकुमार चक्रवर्ती यांच्या १९९७ सालच्या ग्रंथात एकत्र मिळतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने तो प्रसिद्ध केला. पण आपली आजी त्या सोडलेल्या पाचांत आहे की नाही, हे पुतळा सांगत नाही.

आता भाच्याच्या ‘सोफ्या’कडे वळू. मऊ सीट म्हणजे आरामशीर सीट का? समजा, तुमचे वजन ६० किलो आहे. बसल्यावर त्यातले सुमारे ४५ किलो सीटवर येते, म्हणजे ४४१ न्यूटन बल. लाकडी बाकावर हे बल मुख्यतः बुडाच्या दोन हाडांखाली पडते. ते क्षेत्रफळ १०० चौ. सें.मी. धरले तर दाब ४४,१०० पास्कल झाला. चांगल्या गादीवर मांड्याही टेकतात. क्षेत्रफळ १,००० चौ. सें.मी. झाले, तर दाब ४,४१० पास्कल. एकदम दहावा हिस्सा! पण एक गोष्ट लक्षात घ्या. कातडीतल्या बारीक केशवाहिन्यांत रक्ताचा दाब साधारण ३२ मिलिमीटर पाऱ्याइतका, म्हणजे सुमारे ४,२५० पास्कल असतो. तेव्हा चांगल्या गादीवरही रक्तप्रवाहाला अडथळा येतोच. म्हणून जिवंत माणूस एकाच स्थितीत बसून राहत नाही. काही मिनिटांनी तो बूड हलवतो, मांडी बदलतो. फार मऊ गादीत तर हाडे खोल रुततात, खालच्या फळीला टेकतात, आणि आपण खड्ड्यात अडकल्यासारखे हलूही शकत नाही. दहा मिनिटांत कळतो तो फक्त मऊपणा. आराम कळायला निदान पाऊण तास हवा. शोरूमवाला कंटाळेल, कंटाळू द्या. घड्याळ लावून दर पाच मिनिटांत आपण किती वेळा हललो ते मोजा. आकडा झपाट्याने वाढू लागला, की सीट आपल्या मापाची नाही.

मग त्या उंच कडा कशासाठी? त्यांना काम आहे. १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर गाडी ताशी ६० कि.मी. वेगाने गेली, तर त्वरण वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे सेकंदाला सेकंदाला सुमारे २·८ मीटर. ६० किलोच्या माणसाला वळणाबरोबर वळवायला १६७ न्यूटन बल लागते, जणू १७ किलोचे पोते बाजूने रेटते आहे. सपाट सीटवर हे बल चालकाला गुडघे आणि हात यांनी पेलावे लागते. कडा असल्या तर त्या पेलतात. पण तीच कड रुंद माणसाच्या मांडीला बसवत नाही आणि हलूही देत नाही. घरी खुर्चीवर बसून दोन्ही बाजूंना जाड पुस्तके टेकवा आणि त्यांतले अंतर मोजा. ते कडांमधल्या अंतरापेक्षा निदान थोडे कमी हवे.

डोक्यावरच्या जागेबाबत लोक एक चूक हमखास करतात. घरातला सर्वांत उंच माणूस बसला, म्हणजे झाले असे त्यांना वाटते. वर्गात भिंतीला पाठ लावून सगळ्यांची बसलेली उंची मोजा. ती साधारण उभ्या उंचीच्या निम्म्याहून किंचित जास्त भरेल, १७० सें.मी.च्या मुलाची ८८ च्या आसपास. पण कुणाचे पाय लांब, कुणाचे धड. उभ्याने बुटका ठरलेला मुलगा बसल्यावर उंचाला मागे टाकतो! तेव्हा उतरत्या छपराखाली मागच्या सीटवर बसवायचा तो ‘लांब धडाचा’ माणूस. लग्नात फेटा बांधून जायचे असेल तर गोष्टच वेगळी.

आता धक्क्यांचे गणित. यात मौज आहे. स्प्रिंगेवर वजन ठेवल्यावर ती जितके मीटर दबते त्याचे वर्गमूळ काढा आणि त्याने अर्ध्याला भागा. सेकंदाला होणारी नैसर्गिक कंपने जवळजवळ तेवढीच येतात. २५ सें.मी. दबणारी स्प्रिंग सेकंदाला एकदा हलते, ६ सें.मी. दबणारी दोनदा. सेकंदाला एक-दीड झोका माणसाला सोसतो. आपली चालही याच ठेक्याच्या जवळची. पण बसलेल्या माणसाला सर्वांत जास्त त्रास देतात ती सेकंदाला ४ ते ८ वर-खाली कंपने. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिला की झोका वाढतो, तसे या कंपनांनी धडात आणि पोटात अनुस्पंदन होते.

ही कंपने येतात कुठून? समजा, रस्त्यावर अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गतिरोधक पट्ट्या आहेत. ताशी १० कि.मी. म्हणजे सेकंदाला २·८ मीटर. सेकंदाला साडेपाच धक्के. नेमके पोटात! (म्हणून कुणी तिथे वेग वाढवू नये, टायर उसळला, की ब्रेकची पकड जाते.) कडक स्प्रिंगा हे धक्के सहज आत पोचवतात. टायरही पाहा. त्यावर २०५/५५ लिहिले असेल, तर रबराच्या भिंतीची उंची २०५ च्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे ११३ मि.मी.; २२५/४५ असेल तर १०१. दिसायला दुसरा झोकदार, पण रस्ता आणि कंबर यांमधली हवेची उशी बारा मिलिमीटरने कमी.

चाचणीची फेरी बहुधा गुळगुळीत महामार्गावर देतात. नागपूरहून साकोलीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर कुठलीही गाडी चांगलीच वाटेल. तुम्ही गल्लीतला गतिरोधक मागा आणि मागच्या सीटवर बसा. स्टीलच्या पेल्यात काठाखाली बोटभर पाणी घेऊन तो गाडीच्या तळावर धरा. दोन गाड्यांत तोच रस्ता, तोच वेग ठेवून कुठे जास्त सांडते ते पाहा. जर्मनीतल्या आखेन येथील विद्यापीठाने तयार केलेले ‘फायफॉक्स’ हे ॲप मोबाइलमध्ये असेल, तर त्वरणाचा आलेखच मिळतो.

उन्हाबद्दल थोडक्यात. आपल्या भागात मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, आणि सेडानची मागची काच जवळजवळ आडवी असते. ०·७ चौ. मी. काच, ३० अंश कललेली, ऊन चौ. मीटरला ९०० वॉट आणि त्यातले निम्मे आत, असे धरले तर पावणेतीनशे वॉट झाले. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता देतो. म्हणजे मागे तीन न दिसणारे उतारू आणि त्यांचे तिकीट वातानुकूलन यंत्राने काढायचे! गाडी अर्धा तास उन्हात उभी करून मग मागे बसा. काळ्या रेक्झिनला पाठ लावण्यापूर्वी हात लावून पाहा.

भाच्याने तीच गाडी घेतली, पण सपाट सीटांची आणि जाड टायरांची. झोकदार चाकांवरून तो आठवडाभर रुसला होता. आजी पुढे डावीकडे बसतात. भंडारा आले, की चहासाठी गाडी थांबवायला लावतात, आणि वरची मूठ धरून आपल्या आपण उतरतात.