ज्वारीचे दाणे आणि बाँबस्फोटांचा नकाशा

तलवाडा (जि. बीड) येथील एखाद्या शाळेच्या अंगणात बसूनही लंडन-मुंबईवरील बाँबहल्ल्यांच्या गणिताचा पहिला धडा गिरवता येतो. अंगणात ६ उभ्या आणि ६ आडव्या ओळींत ३६ चौकोन आखा. लुडोचा फासा दोनदा टाका. पहिला आकडा आडवी ओळ सांगेल, दुसरा उभी. त्या चौकोनात ज्वारीचा एक दाणा ठेवा. असे ३६ दाणे ठेवा आणि पाहा. प्रत्येक चौकोनात एकेक दाणा आला का? छे! सुमारे १३ चौकोन रिकामे राहतील, तर कुठे तीन-चार दाण्यांचा पुंजका दिसेल. फाशाने तर कुणावर नेम धरला नव्हता!

१९४४ साली जर्मनीने लंडनवर उडते बाँब सोडले. ठरावीक वस्त्यांवरच ते पाडले जातात, अशी पुष्कळांची समजूत झाली. आर. डी. क्लार्क या विमा-गणितज्ञाने दक्षिण लंडनच्या १४४ चौरस किलोमीटर भागाचे ५७६ समान चौकोन पाडले. त्यांत ५३७ बाँब पडले होते. एका बाँबने विशिष्ट चौकोन चुकवण्याची संभाव्यता ५७५/५७६. असे ५३७ अवयव घेऊन गुणाकार करा (कॅल्क्युलेटर घ्या, हाताने नको!). उत्तर सुमारे ०.३९३ येते. म्हणजे ५७६ पैकी २२७ चौकोन रिकामे राहायला हवेत. प्रत्यक्षात होते २२९! एकच बाँब पडलेले चौकोन अपेक्षित २११, आढळले २११. क्लार्कने हे १९४६ मध्ये प्रसिद्ध केले. तेथील पुंजके निव्वळ योगायोगाचे होते.

या गणिताला एक अट मात्र आहे. एका बाँबचा दुसऱ्याशी संबंध नसावा. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईत ११ मिनिटांत ७ लोकलगाड्यांत स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे दगावली. माहीम, वांद्रे, जोगेश्वरी, बोरिवली, भाईंदर... सारे बिंदू पश्चिम रेल्वेच्या एका रेघेवर. हा योगायोग नव्हे, हे उघडच आहे. पण म्हणून या वस्त्या धोक्याच्या ठरतात काय? मुळीच नाही. गाड्या चर्चगेटहून उत्तरेकडे निघालेल्या होत्या. स्फोटाच्या क्षणी गाडी जेथे पोहोचली, तेथे बिंदू पडला. अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ, हे तुम्ही शिकलाच आहात. नकाशा पाहून वस्तीकडे बोट दाखवणे फार सोपे असते आणि ते निरपराध रहिवाशांना भोवते.

म्हणून जागेबरोबर वेळही मांडावी लागते. नॉक्स या ब्रिटिश संशोधकाने १९६४ मध्ये मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा अभ्यास करताना स्थळ आणि काळ दोन्हींत जवळ असलेल्या रुग्णांच्या जोड्या मोजल्या. योगायोगाने जेवढ्या याव्यात त्याहून त्या जास्त आहेत का, हा त्याचा प्रश्न. हीच रीत पुढे घरफोड्यांना आणि दहशतवादी हल्ल्यांनाही लावली गेली.

आता एक काम तुमच्यासाठी. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत काही तासांत झालेल्या स्फोटमालिकेत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, झवेरी बाजार, प्लाझा सिनेमा या त्यांतल्या काही जागा. त्या नकाशावर मांडा. येथे रुळांची रेघ नाही. मग या जागांना जोडणारे काय दिसते?