पेला कोरडा करण्याची रीत

दारूच्या रीतीभाती सांगायला बसलेला हा मास्तर स्वतः पीत नाही. पण अंबरनाथ-कल्याणकडचे योगेंद्र पुराणिक २०१९ साली टोकियोतील एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून गेले. उद्या बदलापूरचा एखादा विद्यार्थी जपानी कारखान्यात नोकरीला लागेल आणि पहिल्याच आठवड्यात साहेब त्याच्यापुढे पेला धरील. त्या वेळी त्याने काय करावे?

पंगतीत आपले ताट आपणच वाढून घेतो का? जपानी बैठकीत पेल्याचेही तसेच. शेजाऱ्याचा आपण भरायचा, आपला तो भरतो. वडील माणूस ओतू लागला की पेल्याला दोन्ही हात लावायचे; तीर्थ घेताना आपण उजव्या हाताखाली डावा धरतो ना, तसे. सर्वांचे पेले भरेपर्यंत कोणी ओठाला लावीत नाही. मग एकमुखाने 'कानपाई!' म्हणायचे. शब्दशः अर्थ 'कोरडा पेला'. शब्द मुळात चिनी. तिकडे पेला खरोखर रिता करण्याची अपेक्षा असते, जपानात एक घोट पुरतो. उलट रिता ठेवलात तर शेजारी पुन्हा भरणार! नको असेल तर भरलेलाच राहू द्यावा. मृताच्या स्मरणार्थ पेला उचलतात तेव्हा मात्र 'केनपाई' म्हणायचे, तेही हलक्या आवाजात, पेल्याला पेला न लावता.

मला खरी गंमत वाटते ती पुढच्या शब्दाची. मंगल प्रसंगी साकेच्या पिंपाचे झाकण मोगरीने फोडतात; पण फोडणे अशुभ, म्हणून त्याला 'कागामी-बिराकी', म्हणजे 'आरसा उघडणे' म्हणतात. लग्नाची मेजवानी 'संपली' असेही म्हणत नाहीत, 'उघडली' म्हणतात. आपण नारळ 'वाढवतो', बांगडी 'वाढवते', रात्री दुकान 'वाढवतात'. समुद्र आडवा असला तरी माणसाच्या मनातली भीती एकच.

आता न पिणाऱ्याचे काय? उल्हासनगरच्या सिंधी घरात पाहुण्यापुढे पाणी आणि पापड येतो. भूक नसली तरी एक तुकडा मोडला की घरच्यांचे मन राहते. तिथेही तसेच करा. 'सुमिमासेन, नोमेमासेन', म्हणजे 'माफ करा, मला पिता येत नाही', असे सुरुवातीलाच सांगावे आणि ऊलाँग चहा मागवावा. तोच पेला उचलून कानपाई म्हटले तरी चालते. आणि मुलगा वीस वर्षांचा झालेला नसेल तर प्रश्नच मिटला. त्या वयाआधी पिण्याला जपानचा कायदाच मनाई करतो.