घराचे गुडघे

सनीव्हेलच्या मर्फी अ‍ॅव्हेन्यूवर आपण बरेच जण जेवायला जातो. तिथून थोडं चाललं की टाफ आणि फ्रान्सिस या रस्त्यांवर दुसऱ्या महायुद्धापूर्वीची लाकडी घरं दिसतात. या गावाच्या वाढीतही भूकंपाचा हात आहे. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोतला जोशुआ हेंडी आयर्न वर्क्स हा कारखाना उद्ध्वस्त झाला आणि नंतर तो इथे आला. मोठा भूकंप पाहिलेला कारखाना, आणि त्याच्या आसपास वाढलेल्या गावात भूकंपाला कच्ची घरं! गंमतच आहे.

कच्ची म्हणजे कुठे कच्ची? त्या काळचं घर बघताना दारापर्यंतच्या पायऱ्या मोजा. तीन-चार असल्या, तर जमिनीखाली रांगत जाण्याइतकी पोकळी असण्याची शक्यता दाट. काँक्रीटचा पाया आणि घराची जमीन यांच्यामध्ये दोन-तीन फुटांच्या बुटक्या लाकडी भिंती असतात. त्यांना इंग्रजीत चक्क 'क्रिपल वॉल', म्हणजे पंगू भिंत म्हणतात.

काडेपेटीचं बाहेरचं खोकं घ्या आणि बाजूने दाबा. आयताचा समांतरभुज चौकोन होऊन ते चपटं होतं. आता आतला ड्रॉवर सरकवून पुन्हा दाबा. हलत नाही. बुटक्या भिंतींची हीच गोष्ट आहे. घराचं वजन समजा २५ टन आहे आणि जमिनीचा आडवा त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट झाला, तर त्या भिंतींवर साधारण १० टन वजनाइतका आडवा जोर येतो. वरच्या खोल्यांना आतल्या भिंतींचा आधार असतो, खाली तो नसतो. घर तिथेच गुडघ्यात वाकतं. शिवाय भिंतीखालची आडवी फळी पायाला बोल्टने जोडलेली नसेल, तर अख्खं घर पायावरून सरकतं. १७ ऑक्टोबर १९८९ च्या ६.९ तीव्रतेच्या लोमा प्रिएटा भूकंपात सांताक्रूझ, वॉट्सनव्हिल, लॉस गॅटोस भागातली अनेक जुनी घरं अशीच पायावरून उतरली. जीवितहानी मात्र मुख्यतः दुसरीकडे झाली: ६३ मृतांपैकी ४२ जण ओकलंडच्या दुमजली महामार्गाखाली गेले.

आपल्याकडच्या वाचकाला इथे किल्लारी आठवेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. सुमारे १०,००० जण गेले. वस्तुमान जितकं जास्त, तितका जोर जास्त, आणि मातीने जोडलेले दगड ताण सोसत नाहीत. लाकडाचं घर हलकं असतं, लवतं, म्हणून ते सहसा माणसांवर ढिगारा होऊन पडत नाही. पण घसरून गॅसची नळी तोडतं, आणि लाकडाच्या घराला आग म्हणजे काय ते सांगायला नको.

उपाय काडेपेटीसारखाच आहे. बुटक्या भिंतींना आतून प्लायवूड ठोकायचं (खिळ्यांमधलं अंतर इथे फार महत्त्वाचं), आणि खालच्या फळीतून काँक्रीटमध्ये बोल्ट घालायचे. कॅलिफोर्नियाच्या 'अर्थक्वेक ब्रेस अ‍ॅण्ड बोल्ट' योजनेत १९८० पूर्वीच्या पात्र घरांना ३,००० डॉलरपर्यंत अनुदान मिळतं. जुनं घर घेताना नवीन स्वयंपाकघराचं कौतुक करण्याआधी टॉर्च घेऊन खाली डोकवावं, असं माझं मत आहे.

एक गोष्ट मात्र याने सुटत नाही: विटांची चिमणी. ती जड, ठिसूळ आणि घरापेक्षा वेगळ्याच लयीत हलणारी असते. काही लोक ती छपरापर्यंत सरळ उतरवून घेतात.