रोजा आणि रिश्वत

पवित्र कुरआनच्या 'अल-बकरा' या अध्यायात आयत 183 ते 187 मध्ये रमजानच्या रोजांचे नियम सांगितले आहेत. रोजा कोणी करावा, आजारी आणि प्रवासी यांना कोणती सवलत आहे, सहरी कुठवर चालते, हे सारे तिथे येते. लगेच पुढची, 188वी आयत मात्र पैशाच्या व्यवहाराबद्दल बोलते. दुसऱ्याचा माल अन्यायाने खाऊ नका आणि तो बळकावण्यासाठी हाकिमांचे हात ओले करू नका, अशी ताकीद त्या आयतीत आहे.

या दोन गोष्टी शेजारी-शेजारी येतात, त्यातून एक धडा मिळतो. रोजेदार स्वतःच्या कष्टाचे, हलाल अन्नपाणीसुद्धा दिवसभर दूर ठेवतो. अशा माणसाने इफ्तारनंतर दुसऱ्याच्या हक्काचा घास घेतला, तर दिवसभराच्या उपाशीपोटी राहण्याला अर्थ तो काय?

लाच नेहमी लाच म्हणून येत नाही. कधी ती 'चहापाणी' असते, तर कधी सणाची 'भेट'. हदीसमध्ये इब्ने लुतबिया यांचा प्रसंग येतो. हजरत पैगंबर (स.) यांनी त्यांना जकात वसुलीसाठी पाठवले होते. परतल्यावर, इतका माल तुमचा आणि हा मला भेट मिळालेला, अशी वाटणी त्यांनी केली. तेव्हा पैगंबरांनी मिंबरवरून सर्वांसमोर विचारले, की हा माणूस आईबापाच्या घरी बसून राहिला असता, तर ही भेट त्याच्याकडे आली असती का? भेट माणसाला आहे की खुर्चीला, हे ओळखण्याची याहून सोपी कसोटी नाही. दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) तर सुभेदार नेमताना त्याच्या मालमत्तेची नोंद करून ठेवत.

भ्रष्टाचाराची झळ सर्वांत आधी गरिबाला बसते. पैसेवाल्याला हजार-पाचशे जड जात नाहीत. पण विधवा आईला मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा असेल, तर तिची दोन दिवसांची मजुरी त्यात जाते. जो तिचा हक्क होता, तो साहेबांचा उपकार होऊन बसतो. हळूहळू लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडतो आणि प्रामाणिक कारकूनच कचेरीत वेडा ठरतो.

खरे तर महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा अधिकार आहे. मुदत टळली तर अपील करता येते. लाच मागितली, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा टोल फ्री क्रमांक आहे.

मात्र बोट नेहमी टेबलापलीकडेच दाखवून चालणार नाही. हदीसनुसार लाच घेणारा आणि देणारा दोघेही धिक्कारास पात्र आहेत. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील 2018 च्या दुरुस्तीनेही देणाऱ्याला थेट गुन्हेगार ठरवले. बळजबरीने द्यावी लागली, तर सात दिवसांत तक्रार करणाऱ्याला त्यातून सूट आहे.

रांग चुकवण्यासाठी पाकीट सरकवणारा आपल्यामागच्या माणसाचा हक्क विकत घेत असतो. ते पाकीट खिशातच ठेवून रांगेत उभे राहणे, हाही रोजाचाच भाग आहे.