चकचकीत गोल रात्री दिसणार कसा?

स्टीलचा तांब्या अंधाऱ्या खोलीत ठेवा आणि थोडं लांब उभं राहून त्यावर टॉर्च मारा. तांब्या उजळत नाही. त्याच्या फुगीर पोटावर एक लखलखीत ठिपका तेवढा दिसतो, बाकीचा तांब्या काळाच राहतो. तोच झोत चुन्याच्या भिंतीवर टाकला तर भिंत उजळते, कारण खडबडीत चुना प्रकाश चहूकडे उधळतो. गुळगुळीत धातू मात्र आलेला प्रकाश ठरलेल्या दिशेलाच परतवतो आणि पृष्ठभाग फुगीर असला की त्यातला जेमतेम एक कवडसा आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो.

हाच पेच १८ मीटर व्यासाच्या, म्हणजे जवळपास सहा मजली इमारतीएवढ्या गोलाला लागू करा. असे गोल एक नाही, नऊ आहेत आणि त्यांतला सगळ्यांत वरचा जमिनीपासून १०० मीटरच्या आसपास पोचलेला आहे. बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या हेझेल पठारावर उभं असलेलं ॲटोमियम ते हेच. अशा शिल्पाची रोषणाई म्हणजे खालून चार फ्लडलाइट लावून मोकळं होण्याचं काम नव्हे. तिचा विचार भूमितीपासूनच करावा लागतो, आणि ॲटोमियममध्ये तो फार सुरेख झाला आहे असं मला वाटतं.

१९५८च्या जागतिक प्रदर्शनासाठी आंद्रे वॉटरकाइन या अभियंत्याने ही रचना कल्पिली. आंद्रे आणि जाँ पोलाक हे वास्तुरचनाकार त्याच्या सोबतीला होते. प्रदर्शन संपलं की ती उतरवायची, असंच ठरलं होतं. नावामुळे पुष्कळांना हा एक अणू वाटतो, पण तो अणू नाही. लोखंडाच्या स्फटिकातली ती सर्वांत लहान चौकट आहे: घनाच्या आठ कोपऱ्यांवर आठ अणू आणि मधोमध नववा. ही चौकट १६५ अब्ज पटींनी मोठी केली आहे. गणित करून पाहण्यासारखं आहे. लोखंडाच्या स्फटिकात त्या घनाची बाजू ०.२८७ नॅनोमीटर असते. तिला १६५ अब्जांनी गुणलं की सुमारे ४७ मीटर येतात, आणि शेजारच्या दोन गोलांच्या केंद्रांमधलं अंतर साधारण तेवढंच आहे. गोलांच्या बाबतीत मात्र हे माप पाळलेलं नाही. लोखंडाचे अणू कर्णाच्या रेषेत एकमेकांना टेकलेले असतात असं मानतात. त्या हिशेबाने प्रत्येक गोल ४१ मीटरचा झाला असता आणि सगळं मिळून एक ठोकळा उभा राहिला असता. गोल आक्रसले, म्हणून मधे आकाश आलं आणि गोलांना जोडणाऱ्या नळ्यांना जागा झाली.

घन बैठकीवर न ठेवता कोपऱ्यावर उभा केला आहे. सगळी गंमत आणि सगळी कटकट इथूनच सुरू होते. असा घन उभा केला की त्याचे कोपरे आपोआप थरांत बसतात: तळाला एक, कर्णाच्या एक तृतीयांश उंचीवर तीन, दोन तृतीयांशावर आणखी तीन आणि माथ्यावर एक. नववा, केंद्रातला गोल बरोबर अर्ध्यावर. उभ्या कर्णावरची नळी सरळसोट, म्हणून लिफ्ट तिच्यात. सेकंदाला ५ मीटर वेगाची ही लिफ्ट त्या काळी युरोपात सर्वांत वेगवान म्हणून मिरवत होती. उरलेल्या नळ्यांचा चढ कोणी सोयीने ठरवलेला नाही, तो घनानेच ठरवला. बाजूंच्या नळ्या क्षितिजाशी ३५ अंशांचा कोन करतात, केंद्राकडून बाजूच्या गोलांकडे जाणाऱ्या साडेएकोणीस अंशांचा. यांतल्या काही नळ्यांत सरकते जिने आहेत, आणि एरवी सरकत्या जिन्याचा चढ बहुधा ३० अंश असतो. म्हणजे घन आणखी थोडा उभट असता, तर माणसांची ये-जा अवघड झाली असती.

वारा मात्र घनाच्या बाजूने नव्हता. मूळ कल्पनेत सगळा भार एका टोकावर तोललेला होता. बोगद्यात वारा सोडून प्रतिकृतीची चाचणी घेतली तेव्हा ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्यातही हे प्रकरण उलटेल असं दिसलं, आणि बेल्जियममध्ये याहून कितीतरी जोराचे वारे वाहतात. मग खालच्या तीन गोलांना दुपायी आधार देण्यात आले. संकटकाळी उतरायचे जिनेही त्यांतच बसवले. शुद्ध भूमितीला लागलेलं हे ठिगळ, असं म्हणणारे असतील. मला ते पाय आवडतात. पोटात माणसं घेणाऱ्या वास्तूने जमिनीवर पाय रोवून उभं राहावं, यात कमीपणा कसला?

आता कातडीकडे वळू. सपाट पत्रा गोलावर सुरकुत्या पडल्याशिवाय बसत नाही, म्हणून गोलाचे त्रिकोण पाडावे लागतात. १९५८मध्ये प्रत्येक गोलावर ॲल्युमिनियमचे ७२० त्रिकोण होते. जितके तुकडे तितके सांधे, आणि जितके सांधे तितकी पाणी शिरायची भीती. पुढे ॲल्युमिनियम निस्तेजही झालं. ऑक्टोबर २००४मध्ये ॲटोमियम बंद करून नवी कातडी चढवली ती स्टेनलेस स्टीलची, एका गोलाला ४८ मोठे त्रिकोणी तक्ते. एका तक्त्याने जुन्या पंधरा त्रिकोणांची जागा घेतली. तरी सांधे सुटत नाहीतच. तापमानात ४० अंशांचा फरक पडला की एवढ्या मोठ्या पोलादी गोलाचा व्यास सुमारे १२ मिलिमीटरने आणि घेर त्याच्या तिपटीहून जास्त बदलू पाहतो. त्या हालचालीला वाव हवाच.

दिवे बसवलेत ते या कातडीतच. गोलाला वेढणाऱ्या मोठ्या वर्तुळांवर, म्हणजे पृथ्वीगोलावर रेखावृत्तं असतात तशा रेषांवर, आयताकृती पोलादी पट्ट्या आहेत आणि त्यांत एलईडी बसवले आहेत. बाहेरून प्रकाश टाकून जो गोल दिसला नसता, तो स्वतःच्याच अंगावरच्या ठिपक्यांनी रेखला जातो. वर्तुळं निवडण्यातली हुशारी लक्षात घ्या. कुठूनही पाहिलं तरी काही वर्तुळं समोरून जातात आणि काही कडेला वळतात. कडेकडे जाताना ठिपके एकमेकांजवळ दाटत जातात, आणि त्या दाटण्यावरूनच डोळा गोलाई ओळखतो. बस थांब्यावरून पाहा की पठाराच्या टोकावरून, दिसतो तो गोलच, चपटी थाळी नव्हे. शिवाय गोलाच्या पोटाखाली शिडी लावता येत नाही. अशा जागी वारंवार बदलावे लागणारे दिवे परवडलेच नसते, दीर्घकाळ टिकणाऱ्या एलईडीमुळे ती अडचण बरीच कमी झाली.

हे दिवे एकेका वर्तुळावर पाळीपाळीने लुकलुकवताही येतात, केंद्राभोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनची आठवण म्हणून. इथे मात्र माझं जमत नाही. इलेक्ट्रॉन असे रुळांवरून धावत नाहीत आणि ही रचना अणूची नाही, स्फटिकाची आहे. ती मांडणी सगळे दिवे स्थिर असताना जास्त स्वच्छ दिसते.

वॉटरकाइन २००५मध्ये गेले. नव्या कातडीतलं ॲटोमियम फेब्रुवारी २००६मध्ये लोकांसाठी उघडलं, ते त्यांना पाहता आलं नाही. माथ्याच्या खालचे तीन गोल आजही लोकांसाठी बंद असतात, कारण त्यांना खालून उभा आधार नाही आणि सुरक्षेचा प्रश्न येतो. दिवे मात्र त्या तिघांवरही इतरांइतकेच लागतात. ते तीन काळोखात ठेवले तर घनाचे तीन कोपरेच गायब होतील आणि उरलेल्या सहा गोलांवरून हा घन आहे हे कोणालाही ओळखता येणार नाही.