लांब नळी की आखूड? रायफलीच्या अडीचशे वर्षांचा मागोवा

स्पोर्टिंग रायफल घेऊ पाहणाऱ्याला एक प्रश्न हमखास पडतो: नळी लांब घ्यावी की आखूड? सल्ला देणारे दोन्ही बाजूंनी ठाम असतात. एक म्हणतो, नळी लांब तेवढा वेग जास्त. दुसरा म्हणतो, आखूड नळी ताठ, म्हणून तीच अचूक. दोघंही अर्धं खरं बोलतात. या प्रश्नाचं उत्तर अडीचशे वर्षांत अनेकदा बदललं आहे, आणि ते बदलायला लावणारं कारण बहुतेक वेळा नळीच्या बाहेरचं होतं. लांबीकडे मुळात तीन कामं होती: दारूला जळायला वाव देणं, मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये अंतर ठेवणं आणि रायफलीच्या पुढच्या टोकाला वजन देणं. ही कामं एकेक करून दुसऱ्या कुणीतरी उचलली. नळीच्या लांबीचा इतिहास म्हणजे या वाटणीचा इतिहास.

अठराव्या शतकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानियात, विशेषतः लँकेस्टर परिसरात, जर्मन कारागीर येऊन वसले. सोबत त्यांनी आपल्या मुलखातली 'येगर' रायफल आणली. तिची नळी अडीच फुटांच्या आतबाहेर, तोंड रुंद आणि गोळी जड. नव्या मुलखातला शिकारी मात्र दिवसचे दिवस पायी जंगलात राहणारा. शिसं आणि दारू, दोन्ही पाठीवर वाहायचं. मग गोळी लहान झाली, नळीचं तोंड अरुंद झालं आणि लांबी वाढत वाढत ४२ ते ४६ इंचांवर गेली. हीच पुढे 'केंटकी रायफल' म्हणून गाजली. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर वायू न होता घन अवशेष म्हणून उरतो. अशा दारूकडून काम काढून घ्यायला लांब नळी सोयीची होती. पण तेवढाच मोठा लाभ नेमाचा होता: साध्या उघड्या साइटी एकमेकींपासून हातभर जास्त लांब गेल्या. आपल्याकडच्या संग्रहालयांतल्या तोड्याच्या बंदुकाही लांबच लांब दिसतात. त्यांच्या नळ्या बहुतेक गुळगुळीत, आटे नसलेल्या; पण दारू तीच, काळी.

पहिला उलटा बदल १८२० च्या दशकापासून सेंट लुइसमध्ये दिसतो. हॉकेन बंधूंच्या रायफली पश्चिमेकडे निघालेल्या लोकांसाठी होत्या. माणूस आता घोड्यावर बसला होता आणि समोरचं जनावर हरणाऐवजी रानरेडा किंवा अस्वल होतं. नळी आखूड आणि जाड झाली, गोळी पुन्हा मोठी झाली. दारूत काहीच बदल झालेला नव्हता. रायफल वाहून नेण्याची रीत बदलली आणि तेवढ्याने लांबी बदलली.

खरी उलथापालथ १८८४ साली झाली. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूरविरहित दारू तयार केली आणि दोनच वर्षांत ती वापरणारी लेबेल रायफल फ्रेंच सैन्याच्या हाती आली. ही दारू जवळजवळ पूर्ण वायुरूप होते, तिचा दाब जास्त असतो आणि थोड्या लांबीत ती गोळीला पुष्कळ वेग देते. नळीचं पहिलं काम इथे हलकं झालं. अमेरिकेत १८९५ साली विंचेस्टरच्या १८९४ मॉडेलसाठी .३०-३० हे काडतूस आलं. त्या मॉडेलची २६ इंची रायफलही मिळत होती आणि २० इंची कार्बाइनही. शिकाऱ्यांनी उचलून धरली ती कार्बाइन. ऑस्ट्रियात १९०३ साली मानलिखर-शोनाउअर आली. तिची नळी जेमतेम ४५ सेंटिमीटर, आणि लाकडी दस्ता थेट तोंडापर्यंत. डोंगरउतारावर फिरणाऱ्यासाठी ती बनली होती. तिच्या ६.५ मिलिमीटर गोळीने आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल यांच्यासारख्या शिकाऱ्याने हत्तीही मारले. गोळी लांब आणि जड होती, खोल शिरत होती. नळीच्या कमी लांबीमुळे काही अडलं नाही.

त्याच सुमारास ब्रिटिश सैन्याने मोठा निर्णय घेतला. लांब ली-एनफिल्डची नळी ३०.२ इंचांची होती आणि घोडदळाची कार्बाइन वेगळी. बोअर युद्धाच्या अनुभवानंतर दोन्हींऐवजी २५.२ इंचांची एकच 'शॉर्ट' रायफल ठरली. इंग्लंडमधल्या बिसलीच्या नेमबाजी मैदानावरच्या नेमबाजांनी तिच्यावर सडकून टीका केली. त्यांचा आक्षेप साधा होता: साइटमधलं अंतर कमी झालं. हीच रायफल पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं बनली आणि भारतीय सैनिक, पोलीस यांच्या खांद्यावर स्थिरावली.

बिसलीकरांचं म्हणणं आकड्यांत मांडता येतं. समजा दोन्ही साइट ६० सेंटिमीटर अंतरावर आहेत आणि त्या जुळवताना एक दशांश मिलिमीटरची चूक झाली. ५० मीटरवर गोळी साधारण ८.३ मिलिमीटर सरकेल. हेच अंतर ९० सेंटिमीटर असेल तर तेवढ्याच चुकीला ती ५.६ मिलिमीटर सरकेल. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, हे ध्यानात घेतलं की हा फरक किती मोलाचा ते कळतं.

पण आखूड नळीच्या बाजूनेही गणित आहे. एका टोकाला घट्ट धरलेली दांडी दुसऱ्या टोकाला जेवढी वाकते, ते वाकणं लांबीच्या घनाने वाढतं. टेबलाच्या कडेवर फूटपट्टी जितकी पुढे काढून टिचकी मारावी तितकी ती जास्त आणि संथ थरथरते, तसंच हे. त्याच जाडीची नळी ३० ऐवजी २४ इंचांची केली की तोंडाशी तेवढ्याच जोराने होणारं वाकणं निम्म्यावर येतं. बार होताना नळी थरथरते आणि गोळी सुटते त्या क्षणी तोंड कुठे आहे यावर नेम ठरतो. म्हणून त्याच वजनाच्या दोन नळ्यांत आखूड आणि जाड नळी अचूकतेला सोयीची. लांब नळी जास्त अचूक वाटायची, ती साइटमधल्या अंतरामुळे.

दुसऱ्या महायुद्धानंतर शिकारीच्या रायफलींवर दुर्बीण सर्रास बसू लागली आणि नळीचं दुसरं कामही गेलं. दुर्बिणीत मागची-पुढची साइट जुळवायची नसते; नळी कितीही असो, काट्यांची फुली तीच. मग वेगाचा हिशेब तेवढा उरला. .३०८ विंचेस्टरसारख्या मध्यम काडतुसात नळी एक इंच कापली तर सेकंदाला साधारण २० ते २५ फूट वेग कमी होतो. मूळ वेग २,७०० फुटांच्या आसपास असताना चार इंच कापूनही तोटा चार टक्क्यांच्या आत राहतो. सगळी काडतुसं मात्र इतकी समजूतदार नसतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस विंचेस्टरने .२६४ मॅग्नम आणलं, तेव्हा रायफलीला २६ इंची नळी होती. त्यात अरुंद तोंडामागे भरपूर संथ दारू होती. तेच काडतूस आखूड नळ्यांत वापरलं गेलं तेव्हा त्याचा फायदा बराचसा धुरात आणि आवाजात गेला आणि शिकाऱ्यांचा रस ओसरला.

उलट टोकाचा प्रयोग रेमिंग्टनने १९६४ साली केला. त्यांच्या मॉडेल ६०० ची नळी १८.५ इंचांची होती. दाट झाडीसाठी, खोगिराशेजारी ठेवण्यासाठी ती छान. पण पुढच्याच वर्षी तिच्यात .३५० मॅग्नम आलं आणि कानाशी होणारा स्फोट व खांद्यावरचा धक्का लोकांना सोसेना. १९६८ साली तिच्या जागी आलेल्या मॉडेल ६६० मध्ये कंपनीने नळी २० इंचांची केली. धूरविरहित दारूने लांबीची गरज कमी केली होती, संपवली नव्हती. नळीच्या तोंडाबाहेर जळणारी दारू वेगाला काही देत नाही, कानांना मात्र देते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा खेळ संपला. आपल्याकडे 'स्पोर्टिंग रायफल' म्हणजे आता मुख्यतः रेंजवरची .२२ किंवा एअर रायफल. या दोन्हींत लांबीचा प्रश्न सर्वांत उघडपणे सुटला. .२२ च्या छोट्या काडतुसात दारू इतकी कमी असते की साधारण १६ ते १९ इंचांपर्यंत वेग वाढतो. त्यापुढे घर्षण जिंकतं आणि गोळी उलट मंदावू लागते. तरीही जर्मनीच्या अँशुट्झ कंपनीच्या स्पर्धेच्या रायफलींना वर्षानुवर्षं ६९ सेंटिमीटर, म्हणजे २७ इंचांची नळी होती. ती वेगासाठी नव्हतीच. पुढची साइट लांब नेण्यासाठी आणि उभ्याने नेम धरताना रायफल पुढे जड राहावी म्हणून होती.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की या दोन कामांना आटे पाडलेली पोलादी नळी लागत नाही, पोकळ दांडा पुरतो. ५० सेंटिमीटरची जाड नळी, तिच्या पुढे हलकी पोकळ नळकांडी, नळकांडीवर साइट आणि हवी तिथे सरकवता येणारी वजनं. गोळी नळीतून अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडी अधिक लवकर बाहेर पडते. तेवढ्या काळात होणारं हाताचं हलणं गोळीला लागत नाही. नळीचं तिसरं कामही असं दुसऱ्याकडे गेलं. एअर रायफलींत हाच मार्ग आणखी पुढे गेला. खरी नळी साधारण ४२ सेंटिमीटर आणि तिच्यावर लांब आवरण. छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटर इतक्या संथ वेगाने जातो आणि १० मीटरवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे नळीतला मुक्काम कमी करणं इथे सर्वांत मोलाचं. आंतरराष्ट्रीय नियमही हे ओळखतो: एअर रायफलीत यंत्रणेच्या मागच्या टोकापासून तोंड दिसतं तिथपर्यंत ८५० मिलिमीटरची मर्यादा आहे. आत खरी नळी किती, याला महत्त्व नाही.

महाराष्ट्राच्या रायफल नेमबाजीचा सुकाळ याच काळातला. अंजली भागवत यांची २००२ सालची म्युनिकची 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' कामगिरी, सुमा शिरूर यांचे २००४ च्या आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत ४०० पैकी ४००, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांचं २०१० सालचं ५० मीटर प्रोनचं जागतिक विजेतेपद, रुद्रांक्ष पाटीलचं २०२२ सालचं कैरोतलं सुवर्ण आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेचं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधलं ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य. गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून, अशा तीन स्थितींत एकच रायफल चालवायची तर तिचा तोल नेमबाजाच्या शरीराप्रमाणे बदलता यावा लागतो. म्हणून या पिढीला घडवणाऱ्या रेंजवर 'नळी किती इंच' यापेक्षा 'तोल कुठे येतो' हा प्रश्न जास्त ऐकू येतो.

अलीकडे शिकार चालू असलेल्या देशांत दोन प्रवाह समोरासमोर आहेत. फिनलंड, नॉर्वे, न्यूझीलंड इथे आवाज दाबणारा सायलेन्सर सामान्य झाला. तो पुढे पंधराएक सेंटिमीटर वाढवतो, म्हणून नळ्या १६ ते २० इंचांवर उतरल्या. दुसरीकडे हजार मीटरवर पोलादी पट्ट्या टिपणारे २६ इंचांकडे परतले, कारण तिथे वेगाचा प्रत्येक अंश वाऱ्याचा परिणाम कमी करतो. दोन्ही बरोबर आहेत. त्यांची कामं वेगळी आहेत.

एवढ्या वाटणीनंतर नळीकडे कुणालाच उचलता न आलेलं काम उरतं: गोळीला फिरकी देऊन सरळ बाहेर सोडणं. त्यासाठी आटे एकसारखे आणि तोंडाची कड निर्दोष हवी. तिथे एक ओरखडा पडला तर ३० इंचही वाया जातात. म्हणून रायफल घेणाऱ्याने लांबी शेवटी ठरवावी. काडतूस कोणतं, साइट उघडी की दुर्बीण, रायफल खांद्यावर वाहायची की रेंजवर धरायची, पुढे काही जोडायचं आहे का, एवढं आधी ठरलं की इंचांचा आकडा बहुतेक वेळा आपोआप समोर येतो.